आसन सोडतानाही लक्ष हवंच

आसनात मन बऱ्यापैकी स्थिर असतं, पण एका आसनातून दुसऱ्यात जाताना ते कुठल्या कुठे जातं. असं का?

मधला वेळ आपण हिशेबातच धरत नाही, म्हणून. अधोमुख श्वानासनातून (तळहात आणि पावलं जमिनीवर, कंबर सगळ्यात उंच) उजवा पाय दोन हातांच्या मध्ये आणून पाहा. बहुतेकांचा पाय अर्ध्या वाटेत टेकतो, मग एक छोटी उडी, मग घोटा हाताने धरून पुढे ओढणं! हे सगळं इतक्या झटक्यात उरकतं की पत्ताही लागत नाही. आता तेच सावकाश करा. श्वास सोडत वजन तळहातांवर घ्या, खांदे मनगटांच्या वर आणा, पाठ गोल करा, गुडघा छातीशी घ्या आणि मगच पाऊल ठेवा. जिथे घाई करावीशी वाटते तिथे बहुधा ताकद कमी पडत असते आणि वेगामुळे ते झाकलं जातं. त्यामुळे ‘लक्ष दे’ असं मनाला बजावून फारसं काही होत नाही. त्याला एक नेमकं काम द्या: पाऊल आवाज न करता टेकवायचं. पाय पोचत नसेल तर हातांखाली ठोकळे घ्या, त्यात कमीपणा नाही.

वर्गात सूर्यनमस्कार भरभर होतात आणि माझा श्वास कोंडतो.

खुशाल मागे पडा. छाती उघडताना श्वास आत, पुढे वाकताना बाहेर, हा साधा नेम. श्वास किंचित आधी सुरू करायचा, हालचाल त्याच्या मागून. धाप लागली तर बालासनात जा, म्हणजे टाचांवर बसून कपाळ पुढे जमिनीवर टेकवा. वर्ग तुमच्यासाठी थांबायची गरज नाही.

उत्तानासनातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

इथे एकाग्रता वगैरे बाजूला ठेवू. या आसनात उभ्याने पुढे वाकलेलं असताना डोकं हृदयापेक्षा खाली असतं. एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि रक्तदाब सावरायला शरीराला काही सेकंद लागतात. गुडघे वाकवा, हात मांड्यांवर ठेवा, पाठ जमिनीला समांतर येईल तिथे दोन श्वास थांबा, मग उठा. डोळे उघडेच ठेवा. वारंवार होत असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सर्वांगासन सोडताना पाय धप्पकन पडतात.

म्हणजे तुम्ही फार उशिरा उतरता. पतंजलींनी आसन ‘स्थिर’ आणि ‘सुख’ असावं असं म्हटलंय (योगसूत्र 2.46), पाय थरथरू लागले की दोन्ही संपलं. खाली येण्यापुरती ताकद हाताशी असतानाच सोडा. गुडघे कपाळाकडे वाकवा, तळहातांनी पाठ धरून ठेवा, एकेक मणका टेकवत या. डोकं जमिनीवरून उचलू नका, मानही वळवू नका.

शवासनातून उजव्या कुशीवरच वळायचं का?

प्रथा उजवीची आहे, गरोदरपणात डावी बरी. कूस कोणतीही असो, दोन-तीन श्वास तिथे पडून राहा, मग हाताने जमीन दाबत उठा. डोकं सगळ्यात शेवटी.