वाचकांचे प्रश्न : यंत्र म्हणतं, ‘हे एआयनं लिहिलंय’

प्रश्न : मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंध मीच लिहिला. इंग्रजी कच्चं असल्यामुळे शेवटी तो व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. आता तपासणीत ‘६८ टक्के एआय’ आलं आणि गाइड सही करायला तयार नाहीत. सबमिशनला बारा दिवस उरलेत. काय करू?
— विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : आधी तो रिपोर्ट मागून घ्या आणि त्यावरचा आकडा कसला आहे ते बघा. साम्याची टक्केवारी वेगळी आणि एआयची टक्केवारी वेगळी. विभागांमध्ये या दोन्हींची सर्रास गल्लत होते. साम्य दाखवताना सॉफ्टवेअर तुमचं वाक्य आणि ते जिथे सापडलं तो मजकूर शेजारी शेजारी ठेवतं. ते कुणालाही पडताळता येतं. एआयच्या आकड्यामागे असा कुठलाही मूळ मजकूर नसतो. एका शब्दानंतर पुढचा शब्द किती अपेक्षित होता, वाक्यांमध्ये किती चढउतार आहे, अशा खुणांवरून बांधलेला तो अंदाज असतो. इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेला विद्यार्थी जपून, ठरावीक शब्दांत लिहितो. त्यात व्याकरणाचं सॉफ्टवेअर उरलेसुरले खाचखळगे बुजवतं. मग यंत्राला सगळंच अपेक्षित वाटतं.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये नेमकं हेच तपासलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात डिटेक्टरना, म्हणजे एआयचा मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरना, दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयनं लिहिलेले ठरवले गेले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत मागे घेतला. त्यांच्याच चाचणीत तो एआयच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होता आणि माणसाच्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारत होता.

नियमांचं म्हणाल, तर १० टक्के, ४० टक्के, ६० टक्के या ज्या पायऱ्या ऐकू येतात त्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतल्या आहेत. त्या साम्यासाठी आहेत, आणि चॅटजीपीटी येण्याच्या चार वर्षं आधीच्या. एआयच्या ६८ टक्क्यांना ‘६० च्या वर’ म्हणून कुणी तिसऱ्या पायरीवर बसवत असेल, तर ते चूक आहे. तक्रार झालीच, तर ती विभागाच्या समितीपुढे जायला हवी आणि तिथे तुमची बाजू ऐकून घेणं समितीवर बंधनकारक आहे.

आता पुरावा जमवा. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल, तर फाइल मेनूतली व्हर्जन हिस्ट्री उघडा. कुठल्या तारखेला किती वाजता काय बदललं, ते तिथे दिसतं : रात्री सव्वाअकराला दुसऱ्या प्रकरणातला परिच्छेद कापून तिसऱ्यात नेला, दुसऱ्या दिवशी त्यातली दोन वाक्यं खोडली. अशी घालमेल म्हणजेच लेखन, आणि ती एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते. फक्त त्या फाइलची कॉपी करून देऊ नका. कॉपीत जुना इतिहास येत नाही. इतिहास बघायला संपादनाची परवानगी लागते, म्हणून गाइडशेजारी बसून स्वतःच दाखवा. फाइल नुसती संगणकावर वर्डमध्ये असेल, तर हा इतिहास बहुधा मिळणार नाही. मग गाइडना मेल केलेले कच्चे खर्डे, हस्तलिखित टिपणं, मुलाखतींची रेकॉर्डिंग आणि ग्रंथालयातल्या नोंदी तारखांनिशी लावा. सॉफ्टवेअरमधून काढण्याआधीची प्रत असेल, तर तीही जोडा. व्याकरणाचं सॉफ्टवेअर वापरलं हे आपणहून लिहून द्या, आणि विषयावर वीस मिनिटं तोंडी प्रश्न विचारावेत अशी लेखी विनंती करा.

आकडा खाली आणण्यासाठी मजकूर ‘माणसाळवून’ देणाऱ्या संकेतस्थळांकडे मात्र चुकूनही वळू नका. ती पारिभाषिक शब्दसुद्धा बदलून टाकतात, आणि मग प्रबंध खरोखरच तुमचा राहत नाही.

प्रश्न : मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळ्या असाइनमेंट एआयकडून करून घेते आणि मार्कही मिळतात. अडवावं का?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : सरसकट अडवू नका, पण काळजी रास्त आहे. तुर्कस्तानात जवळपास हजार शाळकरी मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला. साधा चॅटबॉट हाताशी असताना मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. तो काढून परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं कधीच चॅटबॉट न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट दिला, तेव्हा हे नुकसान बरंचसं टळलं. तेव्हा मुलीला सांगा : कोड मागू नकोस, एररचा अर्थ विचार. आणि सबमिट केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर लिहून बघ. जिथे हात थांबेल, तेवढं शिकायचं राहिलंय.

प्रश्न : वर्गात ८० मुलं आहेत आणि सगळ्यांचे प्रोजेक्ट एकाच साच्यातले येतात. पकडायचं कसं?
— वाणिज्य शाखेच्या प्राध्यापिका, हडपसर

उत्तर : पकडण्यात वेळ घालवू नका, विषय बदला. ‘भारतातील कृषी विपणनाच्या समस्या’ असा विषय दिला, की यंत्र दहा सेकंदांत दहा पानं देतं. त्याऐवजी प्रत्येकाला एक शेतमाल द्या. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे आकडे असतात : आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. पुणे बाजार समितीचे १५ दिवसांचे आकडे हाताने तक्त्यात भरायला लावा. ज्या दोन दिवशी दर सर्वांत जास्त हलला ते शोधायचे, आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन एका आडत्याला त्याचं कारण विचारायचं. खोटा तक्ता केला, तर संकेतस्थळाशी ताडून तुम्हाला मिनिटभरात कळतं.

तोंडी परीक्षा प्रत्येकी चार मिनिटांची घेतली तरी ८० मुलांची ३२० मिनिटं होतात, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. दोन-तीन दिवसांत विभागली तर जमतं. प्रश्न दोनच ठेवा : हा आकडा कुठून घेतला, आणि हे वाक्य तुझ्या शब्दांत सांग.

प्रश्न : पेशवेकालीन पुण्याच्या पाणीपुरवठ्यावर एआयनं पाच संदर्भ दिले. त्यातले दोन कुठेच सापडत नाहीत.
— संशोधक विद्यार्थी, औंध

उत्तर : ते बहुधा नाहीतच. चॅटबॉट शब्दामागून शब्द जुळवतो. संशोधकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, शीर्षक शोभेसं, पण तसा लेख कुणी लिहिलेलाच नाही, असं वारंवार होतं. ‘हा संदर्भ खरा आहे का?’ असं त्यालाच विचारण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांच्या एका खटल्यात नेमकं तेच झालं. विचारल्यावर चॅटजीपीटीनं बनावट निवाडे खरे असल्याचं सांगितलं, आणि जून २०२३ मध्ये न्यायालयानं ५,००० डॉलरचा दंड केला.

डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) दिला असेल, तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. दुसराच लेख उघडला, तर संदर्भ बहुधा बनावट. नियतकालिकाचं पहिलं वर्ष आणि खंड क्रमांक जुळतात का, ते मोजा. पुस्तकाच्या १९३० सालच्या आवृत्तीला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दिसला, तर तिथेच थांबा. तो क्रमांक जगभर १९७० च्या सुमारास रूढ झाला, त्यामुळे नंतरच्या पुनर्मुद्रणालाच असू शकतो. जुन्या मराठी साहित्यापैकी बरंच काही इंटरनेटवर नाही, म्हणून नुसतं गूगलवर मिळालं नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था इथल्या सूची बघा, ग्रंथपालांना विचारा.

तिथेही नाही मिळाला, तर संदर्भ काढा आणि त्याच्या आधारावर उभं असलेलं वाक्यही काढा. पाण्याचा नळ बांधल्याचं वर्ष, खापरी नळांची लांबी, उच्छ्वासांची (नळावरच्या हवा सोडणाऱ्या मनोऱ्यांची) संख्या असे तपशील त्याच यंत्रानं दिलेले असतील, तर तेही खऱ्या संदर्भावर पुन्हा तपासून मगच ठेवा.