माशांच्या दोन फुटी टाकीत एंजल, निऑन, टायगर बार्ब, गप्पी आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) एकत्र राहतील का?

नाही. दुकानात हे सगळे पिल्लं असताना दिसतात, म्हणून एकाच टाकीत मावतील असं वाटतं.

२४×१२×१२ इंचाच्या टाकीत हिशेबाने ५६ लिटर पाणी बसतं. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की हातात ४५ लिटर उरतं. सकर इथेच बाद. बोटाएवढा आणलेला हा मासा ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. 'टाकी साफ ठेवतो' म्हणून घ्यायचा असेल तर मुळीच घेऊ नका. तो जेवढं शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो.

आता एंजल आणि निऑन. 'लहानपणापासून एकत्र वाढवले की एंजल निऑनला तोंड लावत नाही' या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. ओळखपाळख असल्या गोष्टींना एंजलच्या लेखी किंमत नाही, त्याचं तोंड केवढं झालंय एवढाच प्रश्न. एंजल हा सिक्लिड कुळातला मासा आहे, अंगाने १५ सेंटिमीटरपर्यंत जातो. निऑन पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटिमीटरचा आणि अंगाने सडपातळ, म्हणजे डोक्याकडून सरळ आत जातो. पहिले काही महिने सगळं गुण्यागोविंदाने चालतं आणि त्याच काळात लोक छातीठोकपणे सल्ले देतात. पुढे एकेक निऑन कमी व्हायला लागतो, तोही बहुधा अंधारात किंवा पहाटे. रात्री निऑनचा निळा पट्टा फिका पडतो, तो झाडांजवळ जवळपास निश्चल राहतो. एंजलला तेव्हा पाठलागसुद्धा करावा लागत नाही. मेलेला मासा सापडत नाही म्हणून मालक फिल्टर उघडून बघतो, पाणी बदलतो, औषध टाकतो आणि मग दुकानातून नवे निऑन आणतो. ते दोन सेंटिमीटरचे असतात, म्हणजे एंजलची आणखी सोय. खूण हवी असेल तर सकाळी खाणं टाकायच्या आधी एंजलचं पोट बघा, आणि निऑन मोकळे फिरताहेत की खालच्या एका कोपऱ्यात गोळा झालेत तेही बघा.

टायगर बार्बचं उलटं आहे. तो गिळत नाही, कुरतडतो. एंजलचे लोंबते पर आणि गप्पीची शेपटी हे त्याचं ठरलेलं लक्ष्य. कडा फाटतात, पांढुरक्या होतात, मग पर कुजायला लागतात आणि लोक औषध शोधत बसतात. आठ-दहांच्या घोळक्यात ते बरंचसं आपापसात भांडून घेतात, चार-पाच ठेवले तर बाकीच्यांना छळतात. त्यांना तीन फुटी टाकी द्या आणि लांब पर असलेलं काहीही सोबत ठेवू नका.

गप्पीला जड (जास्त क्षारांचं), ७ ते ८ पीएचचं पाणी मानवतं. निऑन मूळचा मऊ (कमी क्षारांच्या), आम्लधर्मी पाण्यातला. टाकीत पैदास झालेला निऑन साडेसातपर्यंत जुळवून घेतो, त्यामुळे दोघं एकत्र चालतात. पीएच वरखाली करायची रसायनं मात्र नकोत, त्या चढउतारानेच मासे जातात. गप्पी फक्त नर घ्या. मादीने एकदा नराचा संग केला की ती पुढे कित्येक महिने नराशिवाय पिल्लं देते.

तुमच्या टाकीला माझी जोडी अशी: आठ-दहा निऑन आणि तळाला लहान जातीचे सहा कोरी (तळाशी राहणारे मिशीवाले छोटे मासे). तापमान २४-२५ अंश. तळाला बारीक रेती, कारण धारदार खडीने कोरीच्या मिशा झिजतात. दिवा बंद केल्यावर बुडणारी गोळी टाका. वरचं उरलंसुरलं खाऊन कोरी जगत नाही. गप्पी हवेतच असतील तर निऑन सहावर आणा आणि चार नर गप्पी घ्या.

मासे टाकण्याआधी टाकी सायकल होऊ द्या, म्हणजे घाणीतला विषारी अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या. चार ते सहा आठवडे लागतात, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले पाहिजेत. पहिल्यांदा कोरी, दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी, मग निऑन. नव्या टाकीत पहिला बळी निऑनचाच जातो. शक्य असेल तर नवे मासे तीन आठवडे वेगळ्या भांड्यात स्पंज फिल्टरवर ठेवा. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर तिथेच कळेल.

एंजलबद्दल एक मान्य करतो. दीड फूट उंच, दाट झाडांची टाकी, निऑन आधीपासून पूर्ण वाढलेले, एंजल नाण्याएवढा असताना सोडलेला आणि रोज पोटभर खाणं, असं असेल तर काहींकडे ही जोडी वर्षानुवर्षं टिकते. पण त्याच टाकीत एंजलची जोडी जमून तिने पानावर अंडी घातली, की निम्मी टाकी ती बळकावते आणि बाकीच्यांना उरलेल्या निम्म्यात कोंबते.