ओलं मीठ आणि गायब झालेला बँड

प्रश्न : ताई, मी एमएस्सी बायोकेमिस्ट्री करते. जूनपर्यंत माझी पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) मस्त चालत होती, मग जुलैत मॅग्नेशियम क्लोराईडचा नवा स्टॉक (दाट मूळ द्रावण) केला आणि आता जेलवर नुसता लॅडर (मापासाठी लावलेले तुकडे), माझ्या तुकड्याच्या बँडचा, म्हणजे पट्टीचा, पत्ताच नाही. बाटलीतलं मीठ ओलं होऊन गोळा झालं होतं पण वजन अगदी नीट केलं होतं हो. चुकलं कुठे? त्याऐवजी मॅग्नेशियम सल्फेट वापरू का? — एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : अगं, वजन नीट केलंस, पण कशाचं? पुण्याच्या जुलैत घरातलं साधं मीठ पाझरतं आणि हे तर त्याच्या वरताण, हवेतलं पाणी ओढून अक्षरशः चिखल होतं. हेक्झाहायड्रेटचं (सहा पाणी धरून असलेल्या मिठाचं) मोलर वजन 203.3, म्हणजे 100 मिलीत 1 मोलर करायला 20.33 ग्रॅम घ्यायचं, त्यातला बराच भाग तू पाऊसच मोजलास.

थोड्याशा फरकाने एवढं बिघडतं कारण टॅक पॉलिमरेजला (प्रती काढणाऱ्या एन्झाइमला) मॅग्नेशियमशिवाय एक बेससुद्धा जोडता येत नाही, आणि त्याच्या आधी डीएनटीपी (डीएनएचे चार सुटे घटक) आपला वाटा धरून बसतात. प्रत्येकी 0.2 मिलिमोलर म्हणजे चौघांचे मिळून 0.8, तू टाकतेस 1.5, मोकळं उरतं 0.7. आता स्टॉक समजा वीस टक्के पातळ निघाला तर 1.5 चे 1.2 झाले आणि उरले 0.4! त्यात डीएनए टीई बफरमधला असेल तर 25 मायक्रोलिटरमध्ये त्याचे 5 घातल्यावर त्या बफरमधलं, मॅग्नेशियम धरून ठेवणारं ईडीटीए आणखी 0.2 ओढून नेतं, मग बँड कुठून येणार. उलट जास्त झालं तर नको ते बँड दिसतात, तेही डोक्याला तापच.

तर आता नवीन सीलबंद बाटली आण, उघडल्या उघडल्या अख्ख्या बाटलीचाच स्टॉक करून टाक, मीठ म्हणून ठेवूच नकोस. लेबल मात्र वाच हं, निर्जल असेल तर मोलर वजन 95.2 आणि विरघळताना चांगलंच तापतं, हळूहळू घाल. मग मॅग्नेशियम 1 ते 4 मिलिमोलर, अर्ध्या-अर्ध्याने वाढवत सात ट्यूब लाव, जूनचा स्टॉक थोडा उरला असेल तर तोही शेजारी. फ्रीजरमधली स्टॉकची ट्यूब पूर्ण वितळू दे आणि व्हॉर्टेक्स कर (जोरात घुसळ), नाहीतर मीठ तळाशी आणि तू वरचं पाणी घेतेस (मीही घेतलंय, दोन आठवडे).

सल्फेटचं म्हणशील तर टॅकला क्लोराईडच बरं. पीएफयू या दुसऱ्या पॉलिमरेजच्या बफरमध्ये बहुधा सल्फेट असतं, तिथे ते चालू दे.