तबल्याचे २२४ सँपल: ग्रुप किती आणि कुठे पाडायचे

सात बोल, प्रत्येकाचे हलक्यापासून जोरकसपर्यंत चार थर, थरागणिक चार टेक (त्याच ठोक्याची चार रेकॉर्डिंग), आणि जवळचा व खोलीचा असे दोन माइक. झाल्या २२४ फायली. त्या सगळ्या तुम्ही काँटॅक्ट या सँपलर सॉफ्टवेअरच्या एकाच ग्रुपमध्ये टाकल्यात, आणि आता तबला काळी एकवरून काळी दोनला चढवला की डग्गाही सोबत चढतो. म्हणून ‘प्रत्येक बोलाच्या प्रत्येक थराला वेगळा ग्रुप’ असे २८ ग्रुप करू का, असं विचारताय. करू नका. एवढा खटाटोप करूनही खोलीचा माइक वेगळा कमी-जास्त करता येणार नाही आणि टेकही आलटून-पालटून वाजणार नाहीत.

कुठली फाईल कुठल्या बोलाची, हे फाईलच्या नावात राहू द्या. ग्रुप तिथेच पाडायचा जिथे आवाजाने वेगळं वागायला हवंय: ट्यूनिंग, पातळी, इफेक्ट, टेकची पाळी, किंवा दुसऱ्याला गप्प करणं. व्हेलॉसिटीचे, म्हणजे ठोक्याच्या जोराचे, थर यात येतच नाहीत, ते काम झोनचं (कुठली फाईल कुठल्या सुराला आणि किती जोराला वाजेल, ती पट्टी). एकाच सुरावर १ ते ४०, ४१ ते ७५, ७६ ते १०५ आणि १०६ ते १२७ असे चार झोन एकावर एक रचले की झालं. थरांमध्ये क्रॉसफेड (एका थरातून दुसऱ्यात हळूहळू मिसळणं) देऊ नका. चामड्याच्या वाद्यात दोन ठोके एकदम वाजल्यासारखे ऐकू येतात.

आता हिशोब करा. तबला आणि डग्गा हे दोन, माइक दोन, टेक चार. एकूण १६ ग्रुप, बस.

तबल्याचे आठ ग्रुप ग्रुप एडिटरमध्ये टिक करून ट्यूनिंग फिरवलं की डग्गा जागचा हलत नाही. अर्थात याला मर्यादा आहे. काळी एकला लावलेला तबला पांढरी चारपर्यंत ओढलात तर ‘ना’ डबड्यावर वाजवल्यासारखा येतो. दोनेक सेमीटोनच्या पलीकडे जायचं असेल तर दुसरा तबला रेकॉर्ड करा. पिच बेंडचंही, म्हणजे सूर वर-खाली ओढणाऱ्या चाकाचंही, तसंच. काँटॅक्ट तो प्रत्येक ग्रुपला आपणहून लावतो. तबल्याच्या ग्रुपमधून काढून टाका, डग्ग्याला ठेवा. मग घिस्सा (सूर ओढत नेणं) फक्त डग्ग्यावर येतो. आणि कृपा करून ‘धा’ वेगळा रेकॉर्ड करू नका! कीबोर्डवर ‘ना’ आणि ‘गे’ दोन बोटांनी एकत्र वाजवा, नाहीतर ट्यूनिंगचा हाच गोंधळ पुन्हा दारात.

टेकसाठी प्रत्येक ग्रुपच्या सुरुवातीच्या अटींमध्ये ‘सायकल राउंड रॉबिन’ निवडून १ ते ४ क्रमांक द्यायचे. तेच स्क्रिप्टमधून करायचं तर आधी सगळे ग्रुप बंद करून ज्यांची पाळी तेवढेच, दोन्ही माइकचे, उघडायचे. दोन्हीकडे एक पथ्य पाळा: चारही ग्रुपमध्ये प्रत्येक बोलाचा प्रत्येक थर असलाच पाहिजे. ‘ते’चा एखादा टेक खराब निघाला म्हणून तो झोन रिकामा सोडलात तर त्याच्या पाळीला शांतता. तिथे दुसऱ्याच टेकची प्रत बसवा.

खरी मजा व्हॉईस ग्रुपमध्ये आहे, म्हणजे एकदम किती आवाज वाजू द्यायचे याची मर्यादा घालणाऱ्या सोयीत. डग्ग्यावर ‘गे’ घुमत असताना ‘के’ हा बंद बोल पडला की घुमारा तुटलाच पाहिजे, नाहीतर तबला ऐकणाऱ्याला ते सेकंदात खटकतं. त्यासाठी डग्ग्याचे ग्रुप एका व्हॉईस ग्रुपमध्ये घालून मर्यादा एक ठेवायची आणि फेड साधारण २० ते ३० मिलिसेकंद. शून्य ठेवलात तर ‘टक्’ असा क्लिक येतो. पण इथे दोन माइक आडवे येतात. एक सूर दाबला की जवळचा आणि खोलीचा असे दोन आवाज एकदम सुरू होतात, आणि मर्यादा एक असल्यामुळे त्यातला एक दुसऱ्याला मारतो. तुम्ही मग खोलीचा माइक का वाजत नाही म्हणून मिक्सर तपासत बसणार. प्रत्येक माइकला स्वतंत्र व्हॉईस ग्रुप द्या, म्हणजे तबल्याचे दोन, डग्ग्याचे दोन.

सुरुवात नव्याने करायची गरज नाही. मॅपिंग एडिटरमध्ये झोन निवडून नव्या रिकाम्या ग्रुपमध्ये हलवता येतात. लगेच नाव द्या: ‘डग्गा खोली ३’ वगैरे. नंतर स्क्रिप्ट ग्रुप नावाने शोधत असेल तर नाव बदलताना स्क्रिप्टही बदलावी लागते. आणि ‘एडिट ऑल ग्रुप्स’ बटणाकडे सतत लक्ष असू द्या. ते चालू राहिलं तर एका ग्रुपचा फिल्टर सोळांनाही लागतो. बंद आहे हे विसरून बदल केलात तर चारातला एकच ठोका वेगळा वाजतो आणि कारण सापडत नाही.

हे १६ काँटॅक्टपुरतं. एसएफझेड (मजकुरात लिहिलेला सँपल-वाद्याचा फॉरमॅट) किंवा डिसेंट सँपलर या फुकट सँपलरमध्ये टेकची पाळी प्रत्येक सँपललाच लिहिता येते, म्हणून तिथे चार ग्रुप पुरतात. गप्प करण्यासाठी एसएफझेडमध्ये ‘ग्रुप’ आणि ‘ऑफ बाय’ हे आकडे आहेत, डिसेंट सँपलरमध्ये टॅग. फुकट वाटायचं असेल तर मी डिसेंट सँपलरच घेईन. काँटॅक्टच्या फुकट प्लेअरमध्ये आपलं घरगुती वाद्य थोडा वेळ चालून बंद पडतं.