संगणकावरची ऑर्डर आणि आपली वही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मूर्तिजापूरला छोटी डाळ मिल आहे. मोठा खरेदीदार म्हणतो, ‘ऑर्डर आणि बिल संगणकातून संगणकात पाठवा, नाहीतर पुढची ऑर्डर नाही.’ यात आमचा फायदा काय?

बहुतेक लहान उद्योग याकडे हौसेने नव्हे, तर खरेदीदाराच्या आग्रहापोटी वळतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र आलेली ऑर्डर छापून मुनीम ती पुन्हा टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरत असेल, तर फायदा खरेदीदाराचा आणि खर्च तेवढा तुमचा. ती थेट तुमच्या हिशेबात उतरली, तरच चुका टळतात. चुका साध्याच असतात : ऑर्डर 6 क्विंटलची, तुमचे बिल 30 किलोच्या 20 कट्ट्यांचे, माल तोच, पण त्यांच्या संगणकाला 6 आणि 20 जुळत नाहीत, म्हणून बिल अडकते. तेव्हा जोडणीआधी वजनाचे एकक आणि प्रत्येक वाणाचा कोड दोघांनी लेखी ठरवावा. यंत्रापेक्षा हेच काम किचकट असते.

प्रश्न : हिंगणघाटला आमचे जिनिंग आहे. ई-इन्व्हॉइस आम्ही काढतोच. मग हे वेगळे कशाला?

ई-इन्व्हॉइसची नोंद सरकारी पोर्टलवर होते. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींपेक्षा अधिक उलाढाल असलेल्यांना ती बंधनकारक आहे. ऑर्डर, माल निघाल्याची सूचना आणि पोहोच यांचा त्यात समावेश नाही. तरीही पार्ट्यांची नावे, जीएसटी क्रमांक आणि एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक) तुम्ही त्या निमित्ताने नीट केलेच असतील; निम्मे काम तिथेच झाले.

प्रश्न : वरुडकडे लाइट आणि नेटचा भरवसा नाही. अडेल का?

सहसा नाही. संदेश दोन्ही संगणकांमधल्या ऑनलाइन टपालपेटीत थांबतो, नेट आल्यावर उतरतो. महिन्याला चार-पाचच ऑर्डरी असतील, तर जोडणीच्या खर्चात पडू नये. खरेदीदाराच्या पोर्टलवर हाताने भरणे परवडते.

प्रश्न : पैसे लवकर मिळतील का?

त्याची हमी कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. मात्र हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि मालाबद्दल हरकत असेल तर ती 15 दिवसांत लेखी यावी लागते. ‘माल उशिरा पोचला’ हा नेहमीचा वाद त्या तारखेवरूनच निघतो, म्हणून खरेदीदाराच्याच संगणकातून आलेली पोहोच प्रत्येक बिलासोबत जपून ठेवावी.