बर्फावरचा तंबू कोणता घ्यावा?

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो. यंदा मिल लॅक्स तलावावर मुलीला घेऊन मासे धरायला जायचंय. गोठलेल्या पाण्यावर उलगडायचा फ्लिप-ओव्हर तंबू घ्यावा की हब, म्हणजे काड्या ताणून जागेवर उभारायचा सुटा तंबू?

उत्तर : दोघंच असाल आणि सारखी जागा बदलणार असाल, तर फ्लिप-ओव्हरच. तो स्लेजला, म्हणजे बर्फावरून ओढायच्या घसरगाडीला, जोडलेलाच असतो. तिच्यावर बसायचं, मागचं कापड डोक्यावरून पुढे ओढायचं, झालं. हबमध्ये ऐसपैस जागा मिळते, पण वाऱ्यात तो उभारताना आणि बर्फात खुंट्या मारताना बोटं बधिर होतात. दुकानदार तीन माणसांचा गळ्यात मारेल, घेऊ नका. चालत ओढणार असाल तर वजन आधी विचारा, नि दुकानातच ओढून बघा. ताज्या भुसभुशीत बर्फात तीच स्लेज दुप्पट जड वाटते. कापड मात्र अस्तराचंच घ्या. एकेरी कापडाला आतून वाफ धरते आणि थेंब मानेवर टपकतात, मग पोरगी पुन्हा यायची नाही! प्रोपेन हीटर लावलात तर झरोका उघडाच ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि चालत जायला निदान ४ इंच पक्का, स्वच्छ बर्फ हवा. वाटेत भोकं पाडून मोजत जा.