वाचक विचारतात : बारा हजार मोलरचं द्रावण?

प्रश्न : मी एमएस्सी केमिस्ट्रीला आहे. गुई-चॅपमन थिअरीवरचं (चार्ज असलेल्या पृष्ठभागाजवळ द्रावणातले आयन कसे पसरतात ते सांगणारी थिअरी) एक गणित करत होतो. सोडियम क्लोराइडचं ०.१ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) द्रावण, त्यात बुडवलेली इलेक्ट्रोड, तिचं पोटेन्शियल लांबच्या द्रावणापेक्षा ०.३ व्होल्टने निगेटिव्ह, तर अगदी पृष्ठभागाला लागून सोडियम आयन किती? उत्तर येतंय जवळपास १२,००० मोलर! परत परत तपासलं, तेच. माझं चुकतंय कुठे?

उत्तर : तुमचं कुठेच चुकत नाहीये, आकडेमोड अगदी बरोबर आहे. नियम तुम्ही बोल्ट्झमनचा लावलात, २५ अंश सेल्सिअसला दर २५.७ मिलिव्होल्टमागे आयन ई पट म्हणजे २.७ पट वाढतात, ३०० मिलिव्होल्टला ते एक लाख सतरा हजार पट होतात, त्याला ०.१ ने गुणलं की झाले बारा हजार. आता गंमत बघा, शुद्ध पाण्यात पाण्याचेच रेणू असतात ५५ मोलर, मग त्याच जागेत बारा हजार मोलर सोडियम मावणार कसा?

गोम अशी आहे की गुई (१९१०) आणि चॅपमन (१९१३) या दोघांनीही आयन म्हणजे नुसता बिंदू धरला, चार्ज आहे पण आकार शून्य, त्यामुळे एकाच जागी कितीही कोंबा, थिअरी नाही म्हणत नाही. खरा आयन पाण्याचे रेणू अंगाभोवती घेऊन फिरतो, त्या सगळ्याची रुंदी ०.७ नॅनोमीटर धरली आणि असे आयन ठोकळ्यांसारखे खेटून रचले तरी जेमतेम ५ मोलर होतात, त्यापुढे जागाच नाही.

यावरचा तोडगा स्टर्न या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये काढला आणि तो इतका साधा आहे की आधी कुणाला कसा सुचला नाही असं मला नेहमी वाटतं. आयनाचं केंद्र पृष्ठभागाला टेकूच शकत नाही, निदान त्याच्या त्रिज्येएवढं अंतर राहणारच. त्या फटीत आयन नाहीत म्हणून तिथे पोटेन्शियल सरळ रेषेत धाडकन पडतं आणि गुई-चॅपमन तिच्या बाहेर सुरू होतं. फटीची कपॅसिटी, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, दर चौरस सेंटीमीटरला २० मायक्रोफॅरड धरून तुमचंच गणित पुन्हा करा, ३०० पैकी साधारण २४० मिलिव्होल्ट फटीतच संपतात, बाहेर उरतात ५५-६०, म्हणजे आयन आठ-दहा पट, म्हणजे १ मोलरच्या आसपास. बारा हजारावरून एकावर!

प्रश्न : डिबाय लांबी म्हणजे डबल लेयरची (पृष्ठभागाचा चार्ज आणि त्याच्यासमोर जमलेले आयन मिळून होणाऱ्या थराची) जाडी ना? मग तिच्यापलीकडे पृष्ठभागाचा चार्ज जाणवतच नाही असं म्हणायचं का?

उत्तर : नाही, तिथे काही कुंपण घातलेलं नाही. पोटेन्शियल कमी असेल तर एक डिबाय लांबी गेल्यावर त्याचा ३७ टक्के भाग उरतो, तीन लांब्या गेल्यावर ५ टक्के, असं ते विरत जातं. सोडियम क्लोराइडसारख्या मिठासाठी ०.३०४ ला मोलर कॉन्सन्ट्रेशनच्या वर्गमुळाने भागलं की ती नॅनोमीटरमध्ये मिळते. ०.१ मोलरला जेमतेम १ नॅनोमीटर, ०.००१ मोलरला साडेनऊच्या वर. मीठ वाढवलं की चार्ज लवकर झाकला जातो, आणि म्हणूनच नदीच्या पाण्यात एकमेकांना ढकलत तरंगणारे मातीचे बारीक कण समुद्राच्या पाण्यात शिरले की जवळ येऊन चिकटतात आणि खाली बसतात.

फक्त द्रावणात प्रत्येकी तीन चार्ज असलेले आयन असतील तर हे सूत्र डोळे झाकून वापरू नका. ही थिअरी प्रत्येक आयनाला सरासरी पोटेन्शियल दाखवते, शेजारचा आयन नेमका कुठे बसलाय ते तिला दिसत नाही, आणि जास्त चार्जवाले आयन तर एकमेकांना टाळून शिस्तीत बसतात. मग कधीकधी निगेटिव्ह पृष्ठभागावर गरजेपेक्षा जास्त पॉझिटिव्ह आयन जमतात आणि बाहेरून तो पृष्ठभाग चक्क पॉझिटिव्ह वाटतो. तिथे स्टर्नची फट घालूनही भागत नाही.